दुसरं कव्हर

बुओना व्हिस्टा
८ फेब्रुवारी २०१५

शिरीष,

गाडी विकायची का, एवढंच विचारायला लिहिते आहे.

सिन मिंगच्या गॅरेजमधून सेंग अंकलचा फोन आला होता. तू गेल्यापासून ती तिथे कोपऱ्यात उभी आहे, बॉनेट काढलेली. त्यांना जागा हवी आहे. मी विचारलं, मेलबर्नची जुनी आठ सिलिंडरची व्ही-एट, अर्धी सुटी केलेली, कोणी घेईल का? ते म्हणाले, पूर्ण असती तर पुष्कळ आले असते, पूर्ण मोडलेली असती तरी सुट्या भागांसाठी कोणी आलं असतं. अर्धी कोणाला नको.

व्हॉट्सअॅपवर विचारता आलं असतं. पण तिथे तू दोन निळ्या रेघा देतोस आणि गप्प बसतोस. पत्राला रेघा नसतात. ते मला बरं वाटतं.

कोल्हापूरला आप्पांचं तेरावं झालं त्या संध्याकाळी तू म्हणालास, कारखान्याचं मार्गी लावतो आणि पंधरा दिवसांत येतो. आर्या आणि मी इकडे परत आलो. ती नोव्हेंबरातली गोष्ट. मी घाई करत नाही. फक्त गाडीचं सांग.

आर्याचं ज्युनियर कॉलेज सुरू झालं. बाकी ठीक.

सुलेखा


१२ एप्रिल २०१५

शिरीष,

उत्तर आलं नाही, म्हणून विकली नाही. तू नाही म्हणालास असं धरलं.

आज आर्याला घेऊन सिन मिंगला गेले. मेरीमाउंटला उतरून चालत. इतक्या वर्षांत मी तिथे एकदाच गेले होते, तू गाडी घेतलीस तेव्हा, आणि तेव्हाही शटरबाहेरच उभी राहिले होते.

तुझा फोटो भिंतीवर अजून आहे. सुंगेई रोडच्या जुन्या बाजारात तुला मिळालेला. बहात्तर साल, थॉमसन रोडची शर्यत, वळणावर एका अंगाला कललेली गाडी, दारावर सतरा नंबर. मागे गवतावर बसलेली माणसं. एकाने तर पाय रस्त्यावर सोडले आहेत. तू मला सांगायचास की ही दुकानात मिळायची ती गाडी नव्हे. कंपनीने शर्यतीसाठी स्वतः वेगळी बनवलेली, आणि तशा गाड्या आता उरल्या नाहीत. म्हणून आपल्या साध्या गाडीतून हुबेहूब तशीच एक करायची. तेव्हा मी म्हणाले होते, बरं.

आज फोटो नीट पाहिला. गाडीची डावीच बाजू दिसते. उजवी कशी होती?

सेंग अंकलना विचारलं. "अदर साइड सेम लाह," ते म्हणाले. मग जरा थांबून, "मेबी."

आर्याने आत डोकावलं. "आई, एकच सीट? देन मी कुठे बसू?"

"शर्यतीच्या गाडीत एकच असते," मी तुझ्या वतीने सांगितलं.

"बाबा सो अँटीसोशल."

सेंग अंकल म्हणाले, या गाडीत डोकं तुमच्या नवऱ्याचं, हात माझे. आता डोकं कोण? आर्याने माझ्याकडे बोट केलं. मी काय करते असं त्यांनी विचारलं. तांजोंग पगारला अकाउंट्समध्ये आहे म्हटल्यावर त्यांनी छताकडे पाहिलं. "नेव्हर माइंड," ते म्हणाले.

बोलता बोलता त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. ती आज लिहीत नाही.

जूनपर्यंत जागा देतो म्हणाले. तोवर आम्ही रविवारी जाऊन बघू, काय होतं ते.

सुलेखा


२१ जून २०१५

शिरीष,

जून संपत आला. जागेचा विषय सेंग अंकल काढत नाहीत, मीही काढत नाही.

मला वाटायचं, शर्यतीची गाडी म्हणजे साध्या गाडीत काहीतरी जास्तीचं घालायचं. तसं फार थोडं आहे. बहुतेक काढायचंच असतं. रेडिओ गेला, हीटर गेला, गालिचा गेला, दारांच्या आतले पुठ्ठे गेले. तू मागची सीट काढून ठेवली होतीस, ती अंकलनी कोणाला तरी बसायला दिली. तळाच्या पत्र्याला आवाज दाबायचा डांबराचा थर असतो, तो आर्या आणि मी खरवडून काढला. त्याला वेळ लागला. सोमवारी मीटिंगमध्ये मी हात टेबलाखाली ठेवून बसले होते, नखांत काळं होतं म्हणून.

हे सगळं काढल्यावर गाडी आतून रिकाम्या डब्यासारखी वाजते. सेंग अंकलनी दार लावलं तेव्हा आर्या दचकली.

आता इंजिनाविषयी. त्यात मला तुझी गरज आहे.

तू मेलबर्नहून मागवलेलं ते अॅल्युमिनियमचं कव्हर, इंजिनाच्या डोक्यावर बसणारं, रेघारेघांचं. शर्यतीच्या गाड्यांनाच असं असायचं, असं तू त्याच्या खोक्यावर लिहून ठेवलं आहेस. आपल्या सगळ्या गाडीत खरोखर शर्यतीतला असा तोच एक तुकडा. पण इंजिनाला दोन बाजू आहेत आणि दुसऱ्या बाजूला अजून साधं पत्र्याचंच कव्हर आहे. दुसरं कुठे मिळेना. मग मी ठरवलं, एकावरून दुसरं करून घ्यावं. सेंग अंकलच्या मेहुण्याच्या ओळखीची फाउंड्री सीमेपलीकडे जोहोरला आहे. त्यांनी आपलं कव्हर वाळूत दाबून ठसा घेतला, त्यात अॅल्युमिनियम ओतलं आणि आठवड्यात नवं कव्हर दिलं. दिसायला तसंच. रेघाही तशाच. मला फार आनंद झाला होता, तो सांगून टाकते.

इंजिनावर ठेवलं तर बसेना. एका टोकाचे बोल्ट लावले की दुसऱ्या टोकाची भोकं हुकतात. करंगळीच्या नखाएवढीच, पण हुकतात.

"व्हाय सो शॉर्ट?" आर्या म्हणाली.

सेंग अंकलनी दोन्ही कव्हरं बघितली, इंजिन बघितलं, आणि म्हणाले की इंजिनच वाढलं असणार. वय झालं की वाढतं. त्यांनी स्वतःच्या पोटावर हात ठेवला.

 मला कारण माहीत होतं. भोक हुकलेलं पाहिलं त्या क्षणी आठवलं, आणि जोहोरला फोन करताना आठवलं नव्हतं. ओतकामाचे लाकडी नमुने करणाऱ्या पॅटर्नमेकरच्या सुनेने करावी अशी चूक नाही ही. तू हसशील. हस.

सुलेखा


५ जुलै २०१५

शिरीष,

हे तुला सांगायची गरज नाही, पण सांगते.

लग्नानंतरचा पहिला मे महिना. उद्यमनगरात आप्पांच्या पॅटर्न शॉपच्या वरची आपली खोली. पश्चिमेची उंच खिडकी, दुपारी चारनंतर बसवत नसे. मी पडदे शिवायचे ठरवले. खिडकी टेपने मोजली, आणि कापड मोजायला खाली जाऊन खिळ्याला अडकवलेली लाकडी पट्टी घेऊन आले. पडदे शिवले, लावले, तर खाली दोन बोटं लोळत होते. मी पुन्हा मोजलं. माप बरोबर. पुन्हा मोजलं. बरोबरच.

आप्पा जिन्यावरून वर आले, माझ्या हातातली पट्टी पाहिली आणि तिथेच पायरीवर बसून हसायला लागले.

"सूनबाई, कापाड आटत न्हाई. आटतोय त्यो धातू."

मग त्यांनी सांगितलं. वितळलेला धातू गार होताना आक्रसतो. म्हणून लाकडाचा पॅटर्न करताना तो हव्या त्या मापापेक्षा थोडा मोठा करायचा. दरवेळी हिशेब कोण करणार? म्हणून पॅटर्नमेकरची पट्टीच वेगळी असते. तिच्यावरचा इंच खऱ्या इंचाहून मोठा. "आमची पट्टी खोटं बोलती," आप्पा म्हणाले, "तवा माल खरा निघतो."

पुढच्या आठवड्यात मी पडदे धुतले. ते आटले आणि खिडकीला बरोबर बसले. आप्पांनी हे फाउंड्रीत, बँकेत, तालमीत, सगळीकडे सांगितलं. सुनेनं पडद्याचा पॅटर्न केला म्हणून. मी पुण्याची म्हणून आधी जरा दबकून असायचे. त्यानंतर नाही.

जोहोरच्या माणसाने पॅटर्न केलाच नाही. त्याने खऱ्या वस्तूचाच ठसा घेतला. खरी वस्तू आधीच एकदा आटलेली होती.

मूळ कव्हर आज तुला पाठवते आहे. माप घे, आप्पांच्या पट्टीने पॅटर्न कर, एक ओतून घे. त्या कामाला तुझ्याइतका दुसरा कोणी नाही. मग दोन्ही घेऊन ये. पोस्टाने पाठवू नकोस, हरवेल. हातात घेऊन ये.

मी मात्र ते कुरिअरनेच पाठवते आहे, हे मला कळतं.

सुलेखा


४ ऑक्टोबर २०१५

शिरीष,

इथे सध्या धुराचे दिवस आहेत. सुमात्रातली जंगलं जळताहेत आणि वारा इकडे येतो आहे. समोरचा टॉवर दिसत नाही. शाळा मध्ये बंद होत्या. आम्ही मास्क लावून सिन मिंगला जातो. अंकल शटर अर्धं खाली ओढून काम करतात. ते मास्क लावत नाहीत, सिगरेट ओढतात. म्हणतात, माझा धूर माझा, त्यांचा त्यांचा.

कव्हर पोचल्याचं कुरिअरच्या साइटवर दिसलं. सही उल्हासदादांची होती. आप्पांचा माणूस अजून तुझ्यापाशी आहे, हे वाचून बरं वाटलं.

गाडी पांढरी झाली. फोटो काळा-पांढरा, त्यामुळे खरा रंग कोणता होता यावर आर्या आणि अंकलचं भांडण झालं. ती म्हणाली पिवळा, ते म्हणाले पांढरा. त्यांनी तरुणपणी ती शर्यत गवतावर बसून पाहिली होती असं ते आता सांगतात. गेल्या महिन्यापर्यंत सांगत नव्हते. आर्याचा विश्वास नाही. माझा अर्धा आहे. पांढरा दिला.

एप्रिलमध्ये एक गोष्ट लिहायची ठेवली होती.

त्या दिवशी अंकल म्हणाले, तुमचा नवरा चांगला माणूस, मंगळवार, बुधवार, रोज यायचा. सकाळी यायचा, संध्याकाळी घरी जायचा. मी म्हटलं, रविवारी. ते म्हणाले, नो, नो, एव्हरी डे. मग त्यांना माझा चेहरा दिसला असावा. ते पाना शोधायला आत गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

म्हणजे आप्पांच्या आजारपणासाठी तू कोल्हापूरला गेलास, त्याच्या कितीतरी आधी तुझी नोकरी गेली होती. तू रोज इस्त्रीचा शर्ट घालून निघायचास. तुझं ऑफिस वन-नॉर्थला, आपल्यापासून एकच स्टेशन. एकाच प्लॅटफॉर्मच्या एका बाजूला वन-नॉर्थकडची गाडी लागते, दुसऱ्या बाजूला मेरीमाउंटकडची. तू फक्त पाठ फिरवत होतास. मी परवा ऑफिसला जाताना तिथे थोडा वेळ उभी राहिले. दोन्ही गाड्या येऊन गेल्या.

डबा मी करून देत होते. सेंग अंकलना माझी मेथीची भाजी आवडते. हेही मला त्यांच्याकडूनच कळलं.

राग आला नाही असं लिहिणार होते. आला. पावसाळ्यापर्यंत होता. मग डांबर खरवडताना कधीतरी तो माझ्या लक्षात राहिनासा झाला. तू सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं, याचा विचार करते. काही मोठं केलं नसतं. दुसऱ्या दिवशी डबा दिला असता.

आर्याला हे माहीत नाही. इथल्या कोणालाच नाही. तू येत नाहीस ते यामुळे असेल, तर ते मला माहीत आहे आणि झालं, असं धर. शर्ट सगळे कपाटात आहेत.

सुलेखा


२० डिसेंबर २०१५

शिरीष,

गाडीचंच लिहायचं असं मी ठरवलं होतं. आज ते मोडते.

३१ जानेवारीला तुझं रीएन्ट्री परमिट संपतं. तू बाहेर असताना ते संपलं की तुझं पीआर, म्हणजे इथे कायम राहायचा हक्क, जाईल. मग तू इथे येशील तेव्हा पाहुण्यांच्या रांगेत उभा राहशील आणि तुला पाहुण्यासारखे दिवस मिळतील. लॅव्हेंडरला इमिग्रेशनच्या ऑफिसात जाऊन विचारून आले. माझ्या नोकरीवर अर्ज करता येईल. तिथली मुलगी नीट बोलली. फक्त तुझी संमती लागेल, म्हणाली. यू आस्क हिम, म्हणाली. मी म्हटलं, विचारते.

म्हणून काल कारखान्यात फोन केला. उल्हासदादांनी उचलला.

"वैनी, बोला की."

"आहेत का?"

"हायत की." मग फोनवर हात ठेवल्यासारखा आवाज. मग, "न्हाईत. आत्ताच भाईर गेल्यात."

"दादा, कानसेचा आवाज येतोय."

"त्यो रेडिओ हाय."

"रेडिओवर कानस चालवतात?"

ते हसले. कानस थांबली. मग आवाज खाली आणून म्हणाले, "वैनी, त्या तुमच्या कव्हराचंच चाललंय. पॅटर्न करत्यात, बघत्यात, फोडत्यात, परत करत्यात. मी म्हनलं, मालक, चालतंय की आता. तर म्हनले, न्हाई, तिकडं गेल्यावर बसाय पायजे."

मी विचारलं, तब्येत कशी आहे? म्हणाले, बारीक झाल्यात, पर हात आप्पांचाच आलाय.

एवढ्यावर फोन ठेवला. तू फोनपासून दोन हातांच्या अंतरावर उभा होतास आणि कानस थांबवून ऐकत होतास. मला तेवढंही चाललं.

तुझ्या परवानगीशिवाय एक केलं आहे. डावीकडे दुसरी सीट बसवली. फोटोतल्या गाडीत ती नाही, मला माहीत आहे. सेंग अंकलसुद्धा म्हणाले, आता ही खरी कॉपी नाही. मी म्हटलं, नसू दे. तू चालवशील तेव्हा मी कुठे बसू?

अर्ज तयार आहे. तुझा पासवर्ड लागेल, किंवा एक ओळ लिहून सही कर. गाडीचं राहू दे, एवढं कर. आणि अर्जाचंही राहू दे म्हणायचं असेल, तर तसं म्हण.

सुलेखा


२४ जानेवारी २०१६

शिरीष,

पार्सल आलं.

खालच्या गार्डने फोन केला की कोल्हापूरहून लाकडी खोकं आहे, जड आहे. वर घेऊन येईपर्यंत आर्याने स्क्रूड्रायव्हर शोधून ठेवला होता. आत दोन कव्हरं निघाली. मला वाटलं एक मूळचं, एक नवं. उजेडात नेऊन पाहिलं. दोन्ही नवी.

एकाच पॅटर्नमधून दोन ओतलीस. मूळ ठेवून घेतलंस.

चिठ्ठी नव्हती. आर्याने खोकं उलटं करून झटकलं. मग तिच्या लक्षात आलं की कव्हरं कशात गुंडाळली आहेत.

आपल्या खोलीचे पडदे. दोन कव्हरं, दोन पडदे. एकेकाला एकेक. उन्हाने एक कड पिवळी पडली आहे, ती पश्चिमेची बाजू. शिवण माझी आहे, वाकडी.

"इज दॅट फ्रॉम आजोबा'ज हाउस?" आर्याने विचारलं. मी हो म्हटलं. ती म्हणाली, "सो बाबा इज नॉट कमिंग." प्रश्न नव्हता. मी तिला सांगितलं की कव्हरं फार सुंदर झाली आहेत. तीही म्हणाली, हो, फार सुंदर आहेत.

तुझं तू ठेवलंस, माझं मला पाठवलंस. एवढी नीट वाटणी मला अकाउंट्समध्ये राहूनही जमली नसती.

अजून आठवडा आहे. अर्ज मी बंद केलेला नाही.

सुलेखा


२८ फेब्रुवारी २०१६

शिरीष,

तारीख गेली. एक फेब्रुवारीला काही झालं नाही. मी ऑफिसला गेले, आले. कपाट उघडलं, शर्ट पाहिले, लावलं. तुझ्या नावापुढे आता इथे काही नाही.

कव्हरं त्यानंतरच्या रविवारी बसवली. मी अंकलना म्हटलं, मला लावू द्या. पहिला बोल्ट, शेवटचा बोल्ट, मग मधले. सगळे बोटांनीच शेवटपर्यंत गेले. कुठे ओढावं लागलं नाही. अंकलनी हात फिरवून पाहिला आणि काही बोलले नाहीत. ते बोलत नाहीत तेव्हा ते कौतुक असतं, हे आर्याचं मत. मग ते म्हणाले, इंजिन परत लहान झालं.

उल्हासदादा सांगत होते ते शब्द माझ्या कानात होते. तू किती पॅटर्न फोडलेस ते मला माहीत नाही. पण पोस्टाने वाटेला लावायच्या वस्तूसाठी कोणी इतकं घासत बसत नाही. जानेवारीत मी वाटणी म्हणून लिहिलं, ते रागात लिहिलं होतं. बोल्ट लावताना मला निराळं वाटलं. तुला यायचं होतं. तुला यायचं होतं म्हणून तू ते इतके दिवस पुरवलंस. आणि मग येता आलं नाही. तसंच असेल असं नाही. पण मी तसं धरते.

आज गाडी बाहेर काढली. तिला वर्षातले मोजकेच दिवस रस्त्यावर न्यायची परवानगी आहे, त्यातला पहिला आजचा. क्लच इतका जड आहे की सिग्नलला माझा पाय थरथरत होता. अंकल बाजूला बसतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, मला म्हातारा होऊन मरायचं आहे. आर्या बसली.

अप्पर थॉमसनला गेलो. जुन्या शर्यतीचा तो भाग अजून तसाच आहे, दोन्हीकडे झाडं, वळणामागे वळण. फोटोतलं वळण मला शोधायचं होतं. आर्याच्या मांडीवर फोटो होता, ती प्रत्येक वळणाला फोटो वर धरायची आणि म्हणायची, नॉट धिस वन. गवत सगळीकडे सारखंच दिसतं. शेवटी एका वळणावर ती म्हणाली, "ओके, धिस वन कॅन." ते होतं की नाही माहीत नाही. मी थांबले. इंजिन चालूच ठेवलं. आत गालिचा नाही, पुठ्ठे नाहीत, त्यामुळे इंजिनाचा आवाज थेट बरगड्यांत येतो. एक माकड येऊन बॉनेटवर बसलं. बॉनेट तापलं तसं उठून गेलं.

फोटोत गाडी आणि गवतावरची माणसं आहेत. चालवणारा दिसत नाही, काचेवर उजेड आहे. तू चालवत असतास तरी फोटोत असाच दिसला असतास.

तर गाडी झाली. आता तिच्यात शर्यतीतलं असं मूळचं काहीच नाही. जे होतं ते तुझ्याकडे आहे. ठेव. आप्पांच्या पट्टीशेजारी खिळ्याला लाव, नाहीतर कशावरही ठेव. ते परत मागायला मी लिहीत नाही.

पडदे धुतले. इथल्या खिडकीला लावून पाहिले, इथे ते पुरत नाहीत.

म्हणजे तिथली खिडकी आता उघडी आहे. मार्च येतो आहे. चारनंतर तुला त्या खोलीत बसवणार नाही. कशाने झाकली आहेस? वर्तमानपत्रं लावली असशील, तुला ओळखते.

खिडकीचं माप पाठव. दोन आकडे, बाकी काही लिहू नकोस. माप साध्या टेपने घे, कापताना मी आप्पांच्या पट्टीचा इंच धरीन, म्हणजे धुतल्यावर बरोबर बसतील. कापड मी इथून घेते, तेक्का मार्केटमध्ये चांगलं सुती मिळतं. आर्या रंग निवडेल, ती पिवळा म्हणणार.

पडदे मी पोस्टाने पाठवणार नाही.

सुलेखा